भाऊजींचे पाणीदार घोडे

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, घोडा पारखताना त्याच्या तोंडाकडे बघायचेच नाहीत. बाकी सगळं जग आधी तोंड बघतं. डोळे कसे, आयाळ केवढी, कपाळावर चांदणी आहे का. भाऊजी सरळ खाली वाकायचे, खिशातून गाठी मारलेली दोरी काढायचे आणि पुढच्या पायाचं गुडघ्याखालचं हाड मोजायचे. मग छाती, मग खांदा. तोंडाची पाळी शेवटी, तीही दात बघून वय ठरवण्यापुरती. "तोंडानं ओंडका ओढत नाही तो," म्हणायचे. मी नालबंद. चाळीस वर्षं घोड्यांच्या खुरांपाशी वाकून गेली, त्यामुळे मला हे बोलणं फार पटायचं. आता पटत नाही. आता वाटतं, जरा तोंडाकडे बघितलं असतं तर काय बिघडलं असतं?

त्यांची पागा लाकडाच्या वखारीच्या मागे होती. अकरा घोड्या, पैदाशीचे दोन घोडे आणि त्या त्या वर्षाची शिंगरं. लांबट दगडी इमारत, मधून बोळ, दोन्ही बाजूंना कप्पे, टोकाला चंदीची, म्हणजे घोड्यांच्या दाण्याची, खोली. चंदीच्या खोलीची किल्ली ताईच्या कमरेला. भाऊजींना घोड्यांचं सगळं कळायचं, पण कोणी किती खाल्लं हे विचारायचं तर ताईलाच.

सगळे ओढकामाचे घोडे. डोंगराच्या उतारावर तोडलेलं झाड खाली आणायचं तर ट्रॅक्टर उलटतो, तिथे अजून घोडाच लागतो. शेजारच्या वस्तीत शर्यतीच्या घोड्यांची मोठी पागा होती, पांढऱ्या कुंपणाची, पंखेबिंखे लावलेली. तिथून कोणी पाहुणा चुकून इकडे आला आणि "हे घोडे पळत का नाहीत हो?" असं विचारून बसला, की संपलं. भाऊजी त्याला बादली पालथी घालून बसवायचे आणि शाळा सुरू.

"घोडा आभाळातून पडत नाही साहेब. माणसाला जे काम असतं, त्यातून घोडा तयार होतो. शर्यतवाल्याला काय पाहिजे? वेग. मग तो पळणारी घोडी पळणाऱ्या घोड्याला दाखवतो. त्यांच्या शिंगरांतलं सगळ्यात पळणारं ठेवतो, बाकीची विकतो. पुन्हा तेच, पुन्हा तेच. कितीतरी पिढ्या गेल्या की खांदा होतो तिरका, पाय होतात लांब, आणि हाड होतं असं बारीक, की बघूनच भीती वाटावी. खाणवाल्यांना बोगद्यात डोकं न आपटणारा घोडा पाहिजे होता. त्यांनी बुटक्याला बुटकी दाखवली. पलटणीला पाहिजे होता थोड्या चाऱ्यावर दिवसभर चालणारा. माझं गिऱ्हाईक लाकूडवाला. त्याला खांदा उभा पाहिजे, म्हणजे गळपट्टा नीट टेकतो. पाठ आखूड पाहिजे, हाड जाड पाहिजे, खूर ताटाएवढा पाहिजे, म्हणजे चिखलात रुतत नाही. त्यांचा घोडा दोन मिनिटांसाठी जन्माला येतो. माझा वीस वर्षांसाठी."

पाहुणा मान डोलवायचा. मी मागून म्हणायचो, "भाऊजी, त्यांना सोडा आता, बादली लागतेय मला." तर म्हणायचे, "मेव्हणेबुवा, तुम्ही खिळे मोजा." आमचं हे असंच चालायचं. माणूस प्रेमळ होता, पण शहाणपणाचा ठेका आपल्याकडेच आहे अशी पक्की समजूत. आणि खरं सांगायचं तर आम्हा सगळ्यांची तीच समजूत होती. आजूबाजूची माणसं त्यांना पारखी म्हणूनच हाक मारायची. 

आता पैदास म्हणजे काय, तर घोड्या बऱ्याच लागतात, नर एखाद-दुसरा पुरतो. वर्षाला चार-पाच नर शिंगरं व्हायची. त्यांतला एखादाच, तोही पाच-सहा वर्षांतून एकदा, पैदाशीला ठेवायचा. बाकीचे खच्ची करायचे, म्हणजे ते माजावर आलेल्या घोडीमागे धावत नाहीत आणि कामाला लागतात. जनावरांचा डॉक्टर वर्षातून दोनदा यायचा. आदल्या दिवशी भाऊजी खडू घेऊन फिरायचे. ज्याच्या पुठ्ठ्यावर रेघ, तो दुसऱ्या दिवशी डॉक्टरच्या हाती. रेघ नाही, तो राहिला.

ही रेघ कुणावर मारायची, याचा नियम मी इतक्यांदा ऐकलाय की झोपेतही म्हणेन. हाड आणि छाती दोरीनं मोजायची. त्यात जे दोन-तीन बरोबरीचे ठरतील, त्यांच्यात पाणी कुणाच्यात आहे ते बघायचं. जो बोळातून नेताना भिंतीला लाथ मारतो, दोर ओढतो, डोळे फिरवतो, तो पाणीदार. तो ठेवायचा. आणि जो खाली मान घालून उभा राहतो तो गरीब. तो खच्ची करून विकायचा, कारण गिऱ्हाईकही तोच मागतं. लाकूडवाल्याला गरीब जनावरच पाहिजे असतं. त्याच्या पायाशी त्याची माणसं काम करत असतात. घोड्यांचं तेच, घोड्यांचं म्हणजे माद्यांचं. गिऱ्हाईक यायचं, बोळातून फिरायचं आणि सगळ्यात शांत घोडी बघून म्हणायचं, ही द्या. भाऊजी द्यायचे. जी कुणाला नको, ती पैदाशीला राहायची. 

वाचताना तुम्हाला कळलं असेल. आम्हाला एकतीस वर्षं कळलं नाही.

खोटं कशाला बोलू, थोडं मला कळत होतं. नालबंदाला स्वभाव पाठीवर कळतो. घोड्याचा पाय मांडीत घेतला की माझी पाठ त्याच्या तोंडाखाली असते. मी तिथे कामाला लागलो तेव्हाचे घोडे पाय माझ्या मांडीत देऊन चक्क झोपायचे. अंगावर भार टाकायचे, मी शिव्या घालायचो, "अरे लेका, मी काय खांब आहे?" ताई तर त्यांच्या पोटाखालून वाकून पलीकडे जायची, बोळ फिरून जायचा कंटाळा म्हणून. मग हळूहळू एकेकाला धरायला माणूस लागायला लागला. मग दोन माणसं. एकानं माझ्या खांद्याचा लचका तोडला, बारा टाके पडले. मी म्हटलं, "भाऊजी, तुमचे घोडे बदललेत." 

ते हसले. "घोडे नाही बदलले, तुझे हात म्हातारे झालेत. जनावराला भीती कळते."

मला राग आला. पण राग आला म्हणून मी काय केलं? चामड्याचा जाड अंगरखा शिवून घेतला आणि गप्प बसलो. त्याच वेळी भांडायला पाहिजे होतं. मला भांडता येत नाही असं कुणी म्हणणार नाही, पण भाऊजींपुढे माझी बोलती बंद व्हायची.

मग ताईला लाथ बसली. सकाळची वेळ, ताई चंदीची बादली घेऊन पैदाशीच्या थोरल्या घोड्याच्या कप्प्यात गेली. हा घोडा म्हणजे भाऊजींचा अभिमान. हाड असं की दोरी अपुरी पडायची. ताईनं बादली ठेवली, वळली, आणि काहीही कारण नसताना त्यानं मागचे दोन्ही पाय झाडले. मी बाहेर माझ्या नालांच्या भट्टीपाशी होतो. आवाज ऐकून आधी वाटलं, फळी तुटली.

ताईचं कमरेचं हाड मोडलं होतं. हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन झालं, पट्टे बांधले, आणि डॉक्टर म्हणाले, चालेल, पण काठी कायमची. भाऊजी पलंगाशेजारच्या लोखंडी खुर्चीवर बसून. तीन दिवस दाढी नाही, काही नाही. तिसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेलो तर ते ताईला समजावत होते की घोड्याला माशी चावली असेल, उजेड डोळ्यांवर आला असेल.

ताईचे डोळे मिटलेलेच होते. म्हणाली, "अहो, माशी कसली घेऊन बसलात? एकतीस वर्षं शांत तेवढे तुम्ही कापलेत आणि शांत तेवढ्या विकल्यात. मग मागे राहणार कोण? हेच."

भाऊजींचा चेहरा कुणीतरी तोंडात मारल्यासारखा झाला.  मग उसनं हसले. "तू औषधाच्या गुंगीत आहेस." पण जिना उतरताना मला गाठलं आणि हळूच म्हणाले, "कपाटातल्या वह्या घेऊन ये. सगळ्या."

पैदाशीच्या वह्या. कोणती घोडी कुणाला दाखवली, शिंगरू कधी झालं, हाड किती, छाती किती, कुठे गेलं. शेवटच्या रकान्यात एक शब्द: गरीब, मध्यम, पाणीदार. मी पोत्यात भरून नेल्या. नर्सबाई म्हणाल्या, "हे काय, परीक्षा आहे का?" मी म्हटलं, "आहे बाई, म्हातारपणी आलीय." मला तेव्हा गंमत वाटली होती. बायकोला खोटं ठरवायला माणूस हॉस्पिटलात एकतीस वह्या उघडून बसतो, आता याला काय म्हणावं!

त्याच दुपारी जनावरांच्या डॉक्टरचा निरोप आला. उद्या येतो, त्यानंतर चार महिने जमणार नाही. पागेत दोन-अडीच वर्षांची तीन नर शिंगरं होती. मी हॉस्पिटलात फोन लावला, भाऊजींचा बंद. तिथे ते फोन बंदच ठेवायचे. जायला-यायला दोन तास. मनात म्हटलं, एवढ्याशा गोष्टीला काय विचारायचं? आपल्याला काय नियम माहीत नाही? बिचारे आधीच काळजीत आहेत, एक काम तरी आपण उरकून ठेवू. खडू घेतला.

तिघांतला एक ढिम्म. हे नाव ताईनं ठेवलेलं. पागेत एक म्हातारी घोडी होती, एका डोळ्यानं आंधळी, म्हणून कुणी विकत घेतली नव्हती. अशी गरीब घोडी मी जन्मात बघितली नाही. तिचं हे शेवटचं शिंगरू. पुढच्या हिवाळ्यात ती गेली. ढिम्म आईवर गेलेला. पत्र्यावर गारा वाजोत, कुत्रं भुंको, हा आपला ढिम्म उभा. ताई त्याच्या कानात बोलायची. माझ्या मांडीत पाय देऊन झोपणारा गेल्या कित्येक वर्षांतला हा एकटाच. आणि हाड? हाड उत्तम होतं. मी दोरीनं मोजलं. बाकीच्या दोघांपेक्षा गाठभर जास्तच.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आला, ढिम्मभोवती एक चक्कर मारली, रेघ बघितली आणि थांबला. "याला का कापताय? छाती बघा याची. हा ठेवण्यासारखा आहे."

मी छाती पुढे काढून म्हणालो, "डॉक्टर, पाणी नाही त्याच्यात."

अगदी भाऊजींच्या आवाजात म्हणालो. डॉक्टरनं खांदे उडवले. त्याला काय, पागा आमची. बाकीच्या दोघांना पाडायला चार माणसं लागली. ढिम्मला इंजेक्शन दिलं तेव्हा त्यानं मानसुद्धा हलवली नाही. सगळं नीट पार पडलं. एक शिंगरू, सगळ्यात तापट, ते मी खडू न लावता पैदाशीला ठेवलं होतं का, असं विचाराल तर नाही. बाकीचे दोघंही बारीक हाडाचे होते, म्हणून तिघांनाही रेघ. मला माझंच कौतुक वाटत होतं. 

संध्याकाळी भाऊजी आले. रिक्षातून उतरले ते जवळजवळ पळतच आले. वह्यांचं पोतं खांद्यावर. मला वाटलं, ताईला काही झालं की काय! पण चेहरा फुललेला. एवढा आनंदी माणूस मी हॉस्पिटलातून येताना बघितला नाही.

"मेव्हणेबुवा, तुझ्या ताईचं बरोबर आहे रे! शंभर टक्के बरोबर! मी कालपासून वह्या चाळल्या. पहिल्या वहीत पानापानावर गरीब, गरीब, गरीब. शेवटच्या वहीत तो शब्द एकदा आलाय. एकदाच! मी हाड वाढवत बसलो आणि स्वभाव घालवला. मोजायला दोरी नव्हती ना त्याला, म्हणून मोजलाच नाही." श्वास घ्यायला थांबले. "पण वेळ गेलेली नाही. एक आहे आपल्याकडे. ढिम्म! त्याला ठेवू. सगळ्या घोड्या त्यालाच दाखवू. थोरला घोडा उद्याच्या उद्या काढून टाकतो. दहा वर्षं लागतील, लागू देत. तिला पुन्हा घोड्याच्या पोटाखालून जाता आलं पाहिजे. जाणार नाही ती आता, पण जाता आलं पाहिजे."

मी हात पाठीमागे नेले.   त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग कोपऱ्यातल्या डॉक्टरच्या बादलीकडे. औषधाचा वास अजून बोळात होता. माझ्या बाह्यांना खडू लागलेला होता.

"आज आला होता?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली.

"तिन्ही?"

"तिन्ही."

मला वाटलं, आता थोबाडीत देतात. दिली असती तर बरं झालं असतं, देवाशपथ. ते ढिम्मच्या कप्प्यात गेले. तो अजून गुंगीत, डोकं खाली लोंबतंय. त्यांनी त्याची मान खाजवली आणि पहिल्यांदाच, मी बघितलं, त्याच्या तोंडाकडे बराच वेळ बघत बसले. मी दारातून म्हणालो, "भाऊजी, मी विचारायला हवं होतं. चुकलो मी. मला काहीतरी बोला."

"तुला काय बोलू," ते म्हणाले. "मी असतो तर मीच पहिली रेघ त्याला मारली असती. परवापर्यंत."

मी भट्टीपाशी जाऊन रडलो. साठीचा माणूस, लाज वाटली, पण रडलो. 

त्यांनी प्रयत्न सोडला नाही. थोरला घोडा काढला, त्यातल्या त्यात बऱ्या घोड्या ठेवल्या, लांब लांब जाऊन शांत नर शोधला. पण सगळ्या पागांचा नियम तोच. जिथे जावं तिथे शांत नर खच्ची झालेला आणि दाव्याला पाणीदार उभा. घोडी अकरा महिने शिंगरू पोटात ठेवते, आणि त्याचा स्वभाव कळायला पुढे तीन वर्षं. सत्तरीच्या माणसाकडे असली किती वर्षं शिल्लक असणार? ताई काठी टेकत बोळाच्या तोंडापर्यंत यायची आणि तिथेच थांबायची. आत पाऊल टाकायची नाही. भाऊजी म्हणायचे, ये की, मी आहे ना. ती म्हणायची, असू दे, इथूनच दिसतं. पाच वर्षांपूर्वी भाऊजी गेले आणि घोडे ज्यानं त्यानं नेले.

ढिम्म एका लाकूडवाल्याकडे गेला होता. भाऊजी असतानाच एकदा तो त्याला नाल मारायला घेऊन आला. चांगला धिप्पाड गडी, पण घोड्याबद्दल बोलताना नुसता पाघळत होता. "पारखीकाका, काय जनावर दिलंत! परवा साखळी तुटली, ओंडका घरंगळत त्याच्या पायापर्यंत आला. दुसरा घोडा उधळला असता आणि खालची माझी दोन माणसं गेली असती. हा जागचा हलला नाही. आम्ही ओंडका बाजूला करेपर्यंत तसाच उभा. माझ्या धाकट्या मुलीला त्याच्या पाठीवर बसवून मी खुशाल चहा प्यायला जातो. मला याच्या जोडीला असाच अजून एक पाहिजे."

भाऊजींनी ढिम्मची मान खाजवली.

"आत्ता नसेल तर पुढच्या वर्षी द्या. दोन वर्षांनी द्या. याचंच एखादं शिंगरू मिळालं असतं तर, पण तुम्ही खच्ची करूनच देता. याचा भाऊबिऊ असेल ना कुणी? मी थांबतो काका, मला घाई नाही."

ढिम्मचा पाय माझ्या मांडीत होता आणि त्यानं सगळा भार माझ्यावर टाकला होता. मी खिळा ठोकायचा थांबलो. भाऊजी मला वाचवायला तरी काहीतरी थाप मारतील असं वाटलं.

"थांबू नका," ते लाकूडवाल्याला म्हणाले.